हाडांच्या वॉर्डातला चक

सन त्र्याहत्तरची गोष्ट. मी, शामला गजभिये, तेव्हा नागपुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डाची सिस्टर होते. सोळा खाटा होत्या आणि त्या कधी रिकाम्या नसत.

मांडीचं हाड मोडलेला माणूस आला की गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडातून एक जाड पोलादी पिन आडवी आरपार घालायची, तिला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक खाटेच्या पायथ्याशी चाकावरून घेऊन त्याला विटा लटकवायच्या. विटांच्या ओढीनं मोडलेलं हाड सरळ राहतं आणि तीनेक महिन्यांत जुळतं. पिन घालायचं काम पडद्याआड खाटेवरच व्हायचं. जागा बधिर करायचो, पण माणूस पूर्ण जागा असायचा. सगळं ऐकायचा, छताकडे बघायचा.

हाडाला भोक पाडायला आमच्याकडे हातानं फिरवायचं ड्रिल होतं. सुतारांकडे असतं तसंच, फक्त सगळं पोलादाचं, उकळता येईल असं. वायर नाही, विजेचं काम नाही. एका हातानं मूठ दाबून धरायची, दुसऱ्या हातानं दांडी फिरवायची. त्याच्या तोंडाशी चक असतो. चकाच्या आत तीन छोटे जबडे असतात, ते पिनेला पकडतात, आणि त्यांना आवळायला एक दातेरी चावी असते.

हा चक वर्षभर पिन नीट पकडत नव्हता. दांडी फिरायची आणि पिन हाडात तशीच उभी राहायची. मग पुन्हा आवळा, पुन्हा फिरवा. पण चक बिघडलाय असं कोणी म्हणत नव्हतं. म्हणायचे, अमक्याचा हात कच्चा आहे.

त्या पावसाळ्यात डॉ. शोभा वानखडे आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या. अमरावतीच्या, नुकत्याच डॉक्टर झालेल्या, अंगानं बारीक. त्यांना पहिल्या दोन पिना घालायला पाऊण-पाऊण तास लागला. वॉर्डाचे मोठे डॉक्टर पांढरीपांडे पेशंटसमोरच म्हणाले, "वानखडे, जोर लावायला शिका. हाड आहे ते, भाकरी नाही." डॉ. शोभांनी चक घसरतो म्हणून सांगून पाहिलं. त्यावर सर म्हणाले, "माझ्या हातात नाही घसरला कधी." खरं म्हणजे त्यांनी दोन वर्षांत स्वतः एकही पिन घातली नव्हती. ते काम हाताखालचे करत.

दसऱ्याच्या आठवड्यात रुपराव आला. वय पंचेचाळीसच्या आसपास, घाट रोडवरच्या एका कारखान्यात फिटर. सायकलनं घरी जाताना कॉटन मार्केटजवळ सरकीच्या पोत्यांचा ट्रक मागं घेताना याच्या अंगावर आला आणि याची डावी मांडी मोडली. सोबत त्याची बायको गोपिका होती. त्याच्या नखांत इतकं काळं तेल बसलं होतं, की मी ब्रशनं घासलं तरी निघालं नाही.

सकाळी अकराला पिन घालायला घेतली. डॉ. शोभांनी जागा बधिर केली, कातडीला छोटा काप दिला आणि दांडी फिरवायला लागल्या. रुपराव डोळ्यांवर हात आडवा घेऊन पडला होता. पाच-सात फेरे नीट झाले. मग दांडी एकदम हलकी झाली.

रुपरावनं डोळ्यांवरचा हात काढला. "थांबा," तो म्हणाला.

"दुखतंय का?" डॉ. शोभांनी विचारलं.

"दुखते तं हायेच. पन मी त्याच्यासाठी नाई म्हनत. तुमचा चक घसरून राह्यला."

डॉ. शोभा माझ्याकडे बघायला लागल्या.

"दांडी फिरते अन् पिन नाई फिरत," तो म्हणाला. "मले आतून समजून राह्यलं. एकाच जागी उभी हाये ते."

मी चावी घेऊन चक आवळला. पुन्हा चार फेरे झाले आणि पुन्हा तेच. डॉ. शोभांच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात पांढरीपांडे सर राउंडवर आले आणि त्यांनी पडदा सरकवला.

"अजून इथंच? मी चहा पिऊन आलो, पेपर वाचून आलो."

उत्तर रुपरावनं दिलं.

"सायेब, बाईच्या हाताचा कसूर नाई."

"तुम्ही पडून राहा. पाय तुमचा आहे ना?"

"पाय माहा हाये म्हनूनच बोलून राह्यलो. तुमी स्वता फिरवून पाहा."

सरांनी हातमोजे चढवले आणि ड्रिल घेतलं. सर उंचपुरे होते, खांदे रुंद. त्यांनी सगळा भार टाकला. रुपरावनं खाटेची पट्टी धरली. तीन फेरे, आणि दांडी त्यांच्याही हातात सुळकन फिरली. सरांचा चेहरा लाल झाला.

"चकाले चावीची भोकं किती हायेत?" रुपरावनं विचारलं. आवाज त्याचा बारीक झाला होता.

मी पाहिलं. भोकं तीन होती. मी चार वर्षं ते ड्रिल हाताळत होते आणि पहिल्या दिवसापासून हाताशी येईल त्या एकाच भोकात चावी घालून आवळत होते. कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

"तीन."

"तिन्हीत पाळीपाळीनं आवळा. एकात आवळलं का जबडे तिरपे बसते."

मी तिन्हींत आवळलं. सरांनी ड्रिल डॉ. शोभांच्या हातात परत दिलं. या वेळी चकानं जास्त वेळ धरलं. मध्ये दोनदा आवळावं लागलं, पण पिन दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. रुपरावची उशी घामानं ओली झाली होती.

"झालं?"

"झालं," डॉ. शोभा म्हणाल्या.

"बांधा मंग इटा."

सर तिथंच उभे होते. त्यांनी ट्रेमधली दुसरी पिन घेतली, मला ती चकात बसवून आवळायला लावली, मग पिनेचं टोक स्वतःच्या मुठीत गच्च धरलं आणि मला दांडी फिरवायला सांगितली. चक फिरला. पिन सरांच्या मुठीत जागच्या जागी राहिली. मी, पन्नास किलोची बाई, दांडी फिरवत होते आणि सर नुसत्या मुठीनं पिन थांबवत होते.

"हे कधीपासून?"

"वर्ष झालं, सर."

"मला कोणी सांगितलं नाही."

"डॉक्टर वानखडेंनी सांगितलं होतं," मी म्हणाले.

सरांनी पिन ट्रेमध्ये ठेवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी मी स्टोअरमध्ये गेले. स्टोअरचे गणपतराव स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांचा सगळा जीव फॉर्मात असायचा. त्यांनी तीन फॉर्म काढून दिले. "मुंबईले लिहाव लागते. चार महिने धरून चाला, सिस्टर. तोवर चालते तसं चालवा." ऑपरेशन थिएटरचं वेगळं ड्रिल होतं, पण ते तिथून हलत नसे.

तिसऱ्या दिवशी रुपरावनं मला हाक मारली. विटा लटकल्या होत्या, पायाखाली वाळूच्या पिशव्या होत्या आणि खाटेचा पायथा लाकडी ठोकळ्यांवर उंच केला होता. असं त्याला तीन महिने काढायचे होते.

"सिस्टर, ते ड्रिल मले द्या. पडल्या पडल्या पाहतो खोलून."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "आणखी किती बिघडणार आहे? द्या."

गोपिकानं घरून हातोडी, कानस, नळीचे दोन तुकडे आणि वस्तू घट्ट पकडून ठेवायचा मुठीएवढा शिकंजा आणला. खाटेजवळच्या जेवणाच्या टेबलाला शिकंजा आवळला. चकाचं बाहेरचं कवच ठोकून काढावं लागतं. रुपराव पडून नळी धरायचा आणि गोपिका वरून ठोकायची. "सिद्दी मार वं, तिरपी नको." सगळा वॉर्ड माना वळवून बघत होता. चौदा नंबरचा म्हातारा म्हणाला, दवाखान्यात आलो का लोहाराच्या शाळेत. कवच निघालं. आतून तीन जबडे आणि दोन तुकड्यांची एक आटेदार कडी निघाली. मी इनॅमलची तबकडी दिली आणि त्यानं सगळं त्यात मांडलं.

चार वाजता मी परत आले तेव्हा तबकडीत जबडे दोनच होते.

दुपारी आया पार्वतीबाईंनी चादर बदलली होती. मी धावत मागच्या अंगणात गेले आणि धोब्याचं गाठोडं सोडलं. पार्वतीबाई आणि मी एकेक चादर झटकत बसलो, आणि कुठल्या चादरीत काय सापडलं ते सांगत नाही. जबडा काही मिळाला नाही. त्याच्याशिवाय उरलेल्या ड्रिलचा उपयोग शून्य होता, आणि ते पेशंटच्या हाती देऊ का असं सरांना विचारणारी मीच होते. वॉर्डात येऊन आम्ही रुपरावला पाठ धुवायला थोडा उचलला. जबडा त्याच्या पाठीला चिकटून बसला होता. कातडीवर त्याचा लाल ठसा उमटला होता, आट्यांसकट.

"तुम्हाला टोचलं नाही?"

"इथं काय काय टोचून राह्यलं, त्यातलं कोनतं सांगू?" तो म्हणाला. पहिल्यांदाच हसला.

मग त्यानं मला जबडे दाखवले. "हे पाहा. तोंडाशी झिजले. मांगच्या अंगानं धरते अन् तोंडाशी सोडते. दात पडलेला मानूस दाढेनं खाते ना, तसं." आट्यांत गंज होता. "तुमी याले उकळता अन् वलंच ठेवून देता?"

"मग काय करायचं? तेल लावता येत नाही, हाडात जायचं असतं ते."

"काईच चालत नाई?"

मी विचार केला. आमच्याकडे पातळ पॅराफिन असायचं, शरीराला चालणारं तेल, निर्जंतुक करून बाटलीत ठेवलेलं. ते चाललं असतं. रुपराव खूश झाला. पण झिजलेले जबडे पॅराफिननं भरून येत नाहीत. ते चकात बसवून, तिन्ही एकसारखे, मशीनच्या फिरत्या दगडानं घासावे लागतात, आणि ते खाटेवर होण्यासारखं नव्हतं.

"बाहेर कोणी करेल?"

"एक मानूस हाये," तो म्हणाला. मी नाव विचारलं तर त्यानं पाणी मागितलं.

नाव मला गोपिकानं व्हरांड्यात सांगितलं. मारोतराव. घाट रोडलाच त्यांची लेथची शेड होती आणि रुपराव पूर्वी तिथंच होता, अकरा वर्षं. सहा वर्षांपूर्वी पंपाच्या झाकणांचं एक मोठं काम आलं आणि भोकं वाकडी पडली. रुपराव म्हणत होता, मशीनचा चक गेलाय. मारोतरावांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "चक नाई गेला, तुहा हात हालते." रुपरावनं जेवणाचा डबा उचलला आणि भर दुपारी घरी आला. नंतर दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून बोलणं बंद.

"त्याचं नाव निंगालं का हे जेवत नाई बराबर," गोपिका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रुपरावच तिला म्हणाला, "घेऊन जा त्याच्याकडे. दवाखान्याचं काम हाये म्हन. माहं नाव नको सांगू."

तिनं रुमालात सगळे भाग बांधले आणि ती गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "बाई, म्या पयलेच नाव सांगतलं. नाव नाई सांगतलं तर तो काहून हातात घेईन?"

रविवारी भेटीच्या वेळेला मारोतराव स्वतः आले. जाडजूड माणूस, खाकी शर्ट, पायात जाड वहाणा. मी त्यांना स्टूल दिलं. पायाकडे त्यांनी पाहिलं आणि पायाबद्दल काहीच विचारलं नाही. पिशवीतून कापडात गुंडाळलेला चक काढला आणि रुपरावच्या छातीवर ठेवला.

रुपरावनं तो फिरवून पाहिला, उजेडाकडे धरला.

"घासून किती घेतला?"

"केसाएवढा. तिन्हीतून सारखा."

"दगड कोनता लावला?"

"बारीक. पांढरा."

रुपरावनं माझ्याकडून पिन मागून घेतली, चकात घातली, तिन्ही भोकांतून चावी फिरवली आणि पिन चिमट्यात धरून पिळली. पिन हलली नाही. उलट्या बाजूनं पिळली, तरी हलली नाही.

"बसला," तो म्हणाला.

मारोतराव खाली बघत म्हणाले, "तू गेल्यावर तो चक म्या खोलला होता."

"कवा?"

"दुसऱ्याच दिवशी. जबडे गेले होते त्याचे."

रुपरावनं चक छातीवरून उचलून टेबलावर ठेवला. "मंग सहा वर्सं काय केलं?"

मारोतराव रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. रुपरावनं तोंड भिंतीकडे फिरवलं, पाय अडकलेला असताना जेवढं फिरवता येतं तेवढं. मला वाटलं हा माणूस आता उठून जाईल. पण मारोतराव भेटीची घंटा होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले आणि मग गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याही दिवशी फार बोलणं झालं नाही. तिसऱ्या रविवारी मी बघितलं तर दोघं एका लेथच्या पट्ट्यावरून वाद घालत होते, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांना हळू बोला म्हणून विनवत होता.

या रविवारांच्या मधल्या एका आठवड्यात कुही गावाकडचा धोंडबा आला. तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावरून पडून मांडी मोडली होती. वय साठ, आणि भीतीनं सारखा रामराम म्हणत होता. पिन डॉ. शोभांनीच घालायची होती. मी ड्रिल उकळून, पुसून, पॅराफिन लावून ठेवलं होतं. चकाच्या तिन्ही भोकांत चावी फिरवली. पडद्याबाहेरून, चार नंबरच्या खाटेवरून रुपराव म्हणाला, "भेऊ नको गा बुढ्या. आता चांगला हाये तो."

डॉ. शोभांनी दांडी फिरवली. पिन एकसारखी आत जात राहिली. मी घड्याळ पाहिलं होतं. नऊ मिनिटं लागली, आणि त्यातही शेवटची दोन धोंडबाला "हलू नका" सांगण्यात गेली. डॉ. शोभांनी ड्रिल खाली ठेवलं आणि स्वतःचे दोन्ही हात पसरून हातांकडे बघितलं.

"किती डाव आवळाव लागलं?" रुपरावनं बाहेरून विचारलं.

"एकदाच," मी म्हणाले.

सर राउंडला आले, त्यांनी धोंडबाची पिन दोन्ही बाजूंनी तपासली. मग ते डॉ. शोभांशी इंग्रजीत बोलले, की त्या दिवशी मी तुम्हाला जे म्हटलं ते चूक होतं. इंग्रजीत अशासाठी, की पेशंटना कळू नये. पण सगळ्या वॉर्डानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळलं. चौदा नंबरचा म्हातारा तर संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला सांगत होता.

डॉ. शोभांबद्दल लोक मला नंतर विचारायचे, की त्या हाडांच्या डॉक्टर झाल्या का. नाही झाल्या. जानेवारीत त्या डोळ्यांच्या विभागात गेल्या. मी म्हटलं, आता तर हात बसला होता. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हात बसला, पण मला हाडं आवडत नाहीत. आधीही नव्हती आवडत. फक्त कोणी मला काढलं म्हणून जायचं नव्हतं."

मुंबईहून नवं ड्रिल फेब्रुवारीत आलं. गणपतरावांनी माझी सही घेतली आणि ते कपाटात कुलूप लावून ठेवलं, खराब होऊ नये म्हणून. आम्ही जुनंच वापरत राहिलो.

रुपरावचं हाड जुळायला चौदा आठवडे लागले. पिन काढली, विटा सोडल्या. पाय अर्धा इंच तोकडा राहिला. सरांनी त्याला ते स्पष्ट सांगितलं, आणि बुटाची टाच उंच करून घ्या म्हणाले. रुपरावनं विचारलं, "दिवसभर मशीनजवळ उभं राहता येईन का?" सर म्हणाले, पहिलं वर्ष नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. गोपिकानं डबा तसाच परत नेला.

घरी जायच्या सकाळी तो कुबड्यांवर उभा राहिला आणि सोळा खाटांमधून हळूहळू चालत दारापर्यंत आला. गोपिका पुढं जाऊन रिक्षा बघत होती. मारोतरावही आले होते. त्यांनी त्याचा दंड धरायला हात पुढं केला.

"धरू नका," रुपराव म्हणाला. "मले चालता येते."

मारोतरावांनी हात मागं घेतला. रुपराव दोन पावलं चालला, थांबला, दम घेतला. मग मान मागं वळवून म्हणाला, "ते वळकटी घ्या. अन् शिकंजा राह्यला टेबलाले, तो खोलून आना. चावी डावीकडे फिरते त्याची."

"मले माहीत हाये," मारोतराव म्हणाले आणि परत वॉर्डात आले. शिकंजा खोलायला त्यांना बराच वेळ लागला. तोवर रुपराव बाहेर पायरीवर उन्हात उभा राहिला, आणि गोपिका रिक्षावाल्याला थांब म्हणून सांगत होती.